गाडीत शेवटचं कोण बसलं होतं

४ जानेवारी

प्रिय धाकट्या,

तुझा पत्ता आत्येभावाकडून मिळवला. तो फोन नंबरही देत होता, पण मी घेतला नाही. फोनवर समोरचा गप्प बसला की लगेच कळतं. पत्रात तू गप्प बसलास तरी मला पंधरा-वीस दिवस आशा धरून राहता येईल.

कामाचंच लिहिते. मावशीचा विमा नव्याने काढायचा आहे.

हो, मावशी अजून आहे. विकली नाही, भंगारातही दिली नाही. आई अजून तिला "माझी सवत" म्हणते, आणि आईची सवत म्हणजे आपली मावशी हे आपलं लहानपणीचं गणित मी अजून बदललेलं नाही. रंग उडालाय, पण नाक तसंच वर. मागच्या सीटवर त्या वासराच्या खुराचा ओरखडा आहे. परवा आई तो बोटाने चाचपत म्हणाली, "माणसांचे डॉक्टर असते तर सीट नवीच्या नवी राहिली असती. जनावरांच्या डॉक्टराशी लग्न केलं, भोगा!" आणि मग बराच वेळ तिथेच बसून राहिली.

बाबा गेल्याला आठ महिने झाले. गाडी आईच्या नावावर झाली, पण विमा अजून बाबांच्याच नावावर होता, आणि हे आमच्या कोणाच्या डोक्यातच आलं नाही. जुना एजंट आला होता. इतकं गोड बोलतो की आईने त्याचं नाव "मधाचं बोट" ठेवलंय. तो म्हणाला, "ताई, मालकच राहिले नाहीत, मग पॉलिसी कोणाची? एकतीस मार्चपर्यंत निर्णय घ्या. आणि खरं सांगू का, एवढ्या जुन्या गाडीचा विमा म्हणजे उगाच खर्च. गिऱ्हाईक माझ्याकडे आहे." गिऱ्हाईक म्हटल्याबरोबर आईने त्याच्या पुढ्यातला चहाचा कप उचलला. त्यात अर्धा चहा शिल्लक होता.

तेव्हा आता गाडी ठेवायची हे ठरलं. प्रश्न एवढाच, की कोणत्या कंपनीकडे जायचं.

तुला वाटेल, हिला यात काय कळतंय. काही कळत नव्हतं. पण सत्तावीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासतेय, बारीक अक्षरांना मी घाबरत नाही. तीन कंपन्यांच्या पॉलिसी आणून लाल पेन घेऊन बसले आणि चक्क रमले. तुला माहीत आहे का, एका पॉलिसीत "पाणी" या शब्दाची व्याख्या आहे? आणि "अपघात" म्हणजे काय, तर अचानक, अनपेक्षितपणे आणि बाह्य कारणाने घडलेली घटना. बाह्य हा शब्द मी दोन दिवस चघळतेय. आतल्या कारणाने घडलं तर त्याला काय म्हणायचं, ते कुठेच दिलेलं नाही.

तू जन्मभर इंजिनांत हात घातलेस, म्हणून विचारते. बाबांच्या पुस्तिकेतला इंजिन नंबर आणि गाडीवरचा नंबर यांत एका आकड्याचा फरक दिसतोय. नंबर जुळला नाही तर कोणी विमा देणार नाही म्हणतात. बाबांनी कधी इंजिन बदललं होतं का? तू त्यांच्याबरोबर गाडीखाली असायचास, मी नव्हते.

आईचे गुडघे दुखतात. बाकी ठणठणीत.

तुझी
ताई


२८ जानेवारी

प्रिय धाकट्या,

कार्ड मिळालं! दोन ओळी, ना मायना ना सही. "चेसिसवरचा नंबर वाचताय. इंजिनचा ब्लॉकवर असतो, डिस्ट्रिब्युटरच्या खाली, घासून बघा." पण अक्षर तुझंच. तुझा 'इ' अजून जिलबीसारखा पडतो. मी ते आईला दाखवलं. तिने दोन ओळी वाचायला दहा मिनिटं घेतली.

घासून बघितलं. रॉकेलच्या बोळ्याने अर्धा तास. खाली तुझा आकडा निघाला, पुस्तिकेशी तंतोतंत जुळणारा. मला एवढा आनंद का झाला कळेना. एखाद्या म्हातारीचं शाळेतलं हजेरीपुस्तक सापडावं तसं वाटलं.

आता कंपन्यांचं ऐक.

पहिली बँकेतली. काचेची खोली, गार हवा, समोर एक हसरी मुलगी. तिने गाडीचं साल टाकलं तर कॉम्प्युटर घेईना. त्याच्या मते त्या साली जगात गाड्याच नव्हत्या. तिने इकडेतिकडे बघून हळूच गाडीचं वय तीस वर्षांनी कमी केलं. मी म्हटलं, "बाई, हात लागलाच आहे तर माझंही कर." मग कॉम्प्युटरने गाडीची किंमत काढली. दोन टायर येतील एवढी! घरी येऊन सांगितलं तर आई खवळली. "माझ्या सवतीची किंमत दोन टायर? इतकीही वाईट नव्हती ती."

दुसरी फोनवाली. स्वस्त. पाच मिनिटांत काम. काही म्हणजे काही विचारत नाही. नाव सांगा, गाडीचा नंबर सांगा, पैसे भरा. मला आधी फार बरं वाटलं.

तिसरी फक्त जुन्या गाड्यांचाच विमा काढते. शिलाई मशीनच्या दुकानावर दोन खोल्या, वर चढताना जिना कुरकुरतो. तिथल्या म्हाताऱ्या कारकुनाने मला किमतीचा फरक समजावला. बाकीच्या कंपन्या दरवर्षी किंमत उतरवत नेतात. हे लोक गाडी बघून, तपासून, मालकाशी बोलून एक किंमत आधीच ठरवतात आणि ती कागदावर लिहितात. उद्या काही झालं तर तेवढे पैसे, घासाघीस नाही. मी विचारलं, "म्हणजे जुनी झाली तरी किंमत कमी होत नाही?" तो म्हणाला, "नीट ठेवली तर वाढते. हे फक्त गाड्यांच्या बाबतीत. आमच्यासारख्यांना लागू नाही."

अटी खूप. छप्पर पाहिजे, ते आहे. वर्षाला ठरावीकच किलोमीटर. चालवणाऱ्यांची नावं आधी द्यायची. आणि अर्ज अकरा पानांचा! पहिल्यांदा कधी विकत घेतली, कोणाकडून, रंग किती वेळा दिला, कोणते भाग मूळचे, कोणते नंतर घातले. मी एकेक शोधत गेले तर बाबांच्या कपाटात सगळ्या पावत्या निघाल्या. आरशाची काच, उजव्या दिव्याची कड. एका पावतीमागे त्यांनी गायीच्या औषधाचं प्रमाण लिहिलंय. त्या माणसाला मी किती कमी ओळखत होते, हे मला विम्याच्या अर्जाने सांगावं!

सहा पानं भरून झाली.

सातव्या पानावर रकाना आहे. "यापूर्वी झालेले अपघात. तारीख. कारण. दुखापत झालेली व्यक्ती. गाडीत शेवटचं कोण बसलं होतं."

हे पान आत्ता बाजूला ठेवलंय. आईला फोनवालीच बरी वाटते. मलाही कधीकधी वाटतं, कशाला अकरा पानं.

समोरचे पोस्टातले काका तीन वर्षांपूर्वी गेले, हे तुला कळलं होतं का? शेवटपर्यंत काठी घेऊन फिरायला जायचे. काकू एकट्याच असतात.

तू कोणती घेतली असतीस?

तुझी
ताई


९ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

उत्तर आलं नाही, तरी लिहितेय. तिसऱ्या कंपनीने तपासणीला बाई पाठवली होती. मी कोणीतरी ब्रीफकेसवाला येईल म्हणून बैठकीची खोली आवरली, आणि आली साठीची एक धिप्पाड बाई, अंगात मळका डगला, काखेत चटई. नमस्कार झाल्याबरोबर चटई अंथरून गाडीखाली गेली. आई दारात उभी राहून बघतच राहिली. "अगं, ही तर तुझ्या बाबांपेक्षा पटकन खाली गेली!"

या सर्व्हेअरबाईंकडे फडक्यात गुंडाळलेला एक लोहचुंबक आहे. तो त्या दारावरून, मडगार्डवरून फिरवतात. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी म्हणजे पुट्टी भरलेली. मी त्यांच्या मागेमागे फिरत होते. सगळीकडे चिकटला. फक्त मागच्या बंपरच्या वर, डाव्या बाजूला, वीतभर जागेवर घसरला.

"इथे कधीतरी बसलीय," त्या म्हणाल्या. "मागे जाऊन आपटलीय. कशावर?"

"समोरच्या भिंतीवर," मी म्हटलं.

"फक्त भिंतीवर?"

मी म्हटलं, "मध्ये समोरच्या घरातले काका होते. पाय मोडला त्यांचा."

त्यांनी लिहून घेतलं. चेहऱ्यावर काही नाही. डॉक्टर लिहून घेतात तसं. मग पुढे जाऊन बसल्या आणि हँडब्रेक बघायला लागल्या. तुला आठवतं ना तो, छत्रीच्या मुठीसारखा, डॅशबोर्डखालून बाहेर ओढायचा? त्यांनी तो ओढला, सोडला, परत ओढला. मग बोटाने मूठ जराशी पिळली.

"हे बघा," त्या म्हणाल्या. "ओढल्यावर दात अडकतो. पण दात झिजलाय. मुठीवर तिरका भार आला की ती फिरते आणि अर्धी आत जाते. ब्रेक लागल्यासारखा दिसतो, पण धरत नाही. सपाटीवर काही होणार नाही. उतारावर पाच-दहा मिनिटं उभी राहील आणि मग निघेल."

मी विचारलं, "हे आत्ता झालंय की पूर्वीपासून?"

"एवढी झीज एक-दोन वर्षांत होत नाही. तीस वर्षं तरी असेल अशीच." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुमची पर्स द्या जरा."

माझी कामाची पिशवी, मुद्रितांनी भरलेली, खांद्यावरच होती. ती त्यांनी मुठीवर अडकवली. मग म्हणाल्या, "आता नेहमीसारखी काढून घ्या. घाईत."

मी ओढली. मूठ फिरली. कट् असा आवाज झाला.

आज इथेच थांबते.

ताई


१७ फेब्रुवारी

धाकट्या,

हे पत्र बसून वाच.

त्या दिवशी दुपारी तू गाडी धुतलीस, पुसलीस आणि फाटकासमोर उतारावर लावलीस. हँडब्रेक ओढलास. मी जेवायला घरी आले होते, खिडकीतून बघत होते. मूठ ओढताना तू नेहमी दात खायचास, तसे खाल्लेस. मग तू सायकलने गेलास.

मी साडेचारला छापखान्यातून आले. माझ्याकडे एक पत्र होतं, कोणाचं ते आता महत्त्वाचं नाही. तो माणूस नाही म्हणाला होता, आणि मला ते घरात कोणासमोर वाचायचं नव्हतं. म्हणून गाडीत जाऊन बसले. पिशवी त्या मुठीवर अडकवली, दुसरीकडे कुठे जागाच नव्हती. पत्र दोनदा वाचलं. मग आईने वरून हाक मारली म्हणून डोळे पुसले, पिशवी ओढली आणि उतरले. कट् असा आवाज आला होता. मी जिना चढले, तोंड धुतलं, टॉवेल हातात होता तेव्हा काकांची किंकाळी ऐकू आली. तू तेवढ्यातच सायकलवरून परतला होतास, पहिला तूच धावलास.

मला त्याच संध्याकाळी संशय आला होता. संशय हा शब्दही मी सोयीचा वापरतेय. खरं सांगायचं तर मला माहीत होतं. पण खात्री नव्हती, आणि खात्री नाही या दोन शब्दांवर मी तेवीस वर्षं काढली. ती गाडी तेवीस वर्षं माझ्या खिडकीखाली उभी होती. पिशवी अडकवून बघायला एक मिनिट पुरलं असतं. मी जगातल्या सगळ्या गोष्टींत नाक खुपसते, शब्द कुठून आला, पावती कधीची, कुणी कुणाला का सोडलं. फक्त ही एक गोष्ट मला कधी बघावीशी वाटली नाही.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बाबा सगळ्यांसमोर तुला म्हणाले, "तुझ्या हातात किल्ली दिली, ही माझी चूक झाली." तू तीनदा म्हणालास, "मी ब्रेक ओढला होता." तिसऱ्यांदा तुझा आवाज फाटला. तू माझ्याकडे बघितलंस. मी काकूंसाठी आणलेली पाण्याची बाटली धरून उभी होते. मी खाली बघितलं.

मग तू जहाजावर गेलास. आधी वाटलं सहा महिन्यांनी येशील, तेव्हा सांगेन. तू आला नाहीस. पुढे जितके दिवस जास्त झाले तितकं सांगणं अवघड होत गेलं. ही सबब नाही, फक्त जे झालं ते लिहितेय.

आता आणखी एक, जे मला मागच्याच आठवड्यात कळलं. तिसऱ्या कंपनीच्या म्हाताऱ्या कारकुनाने बोलावून घेतलं. आपली तेव्हाची विमा कंपनी बंद पडली, तेव्हा तिच्या जुन्या गाड्यांच्या फायली यांच्याकडे आल्या. त्यात बाबांचा त्या वेळचा अर्ज होता. काकांच्या उपचाराचे पैसे मिळावेत म्हणून केलेला. कारकून म्हणाला, "तुमच्या पान सातवर जे येईल ते याच्याशी ताडून बघावं लागेल." आणि फाइल माझ्यासमोर सरकवली.

बाबांचं अक्षर. तारीख अपघातानंतरच्या तिसऱ्या दिवसाची. ज्या दिवशी ते तुझ्याबरोबर एका टेबलावर जेवायला बसले नाहीत, तोच दिवस. त्यांनी लिहिलंय, "गाडी मी स्वतः लावली. हँडब्रेक ओढायला मीच विसरलो. घरातील अन्य कोणी गाडी वापरत नाही." खाली ती ठसठशीत सही.

ज्या माणसाने जनावराच्या मृत्यूच्या दाखल्यावर कधी एक तासही इकडचा तिकडे केला नाही, त्याने सरळ खोटं लिहिलं. तुला चौकशीचा त्रास होऊ नये म्हणून? तुझं जहाजाचं काम अडू नये म्हणून? मग तुला ते का सांगितलं नाही? की कागदावर वाचवलं म्हणजे घरात रागवायला मोकळे, असा त्यांचा हिशोब होता? मी त्या कुरकुरणाऱ्या जिन्यावर बसून खूप विचार केला. उत्तर तुझ्याकडे असेल तर मला हवंय. आणि सगळ्यात वाईट काय, तर त्यांनी ज्या चुकीसाठी खोटं लिहिलं ती तुझी नव्हतीच.

घरी येऊन मी पान सात भरलं. कारण: हँडब्रेकच्या मुठीवर अडकवलेली पिशवी ओढल्याने ब्रेक सुटला. गाडीत शेवटचं कोण बसलं होतं: मालकाची मुलगी. आधीच्या अर्जातली माहिती बरोबर नाही, असंही लिहिलं.

पण गाडी आईच्या नावावर, म्हणून सही आईची लागते. आणि आई म्हणजे न वाचता कशावर सही करणारी बाई नव्हे. चष्मा सापडेना, म्हणून म्हणाली, "वाच मोठ्याने." मी पहिल्यापासून वाचत गेले. रंग, आरसा, दिव्याची कड. आई मध्येमध्ये "हां, हां" करत होती. पान सात वाचलं. हां आलं नाही. मी पान आठ वाचायला लागले तर म्हणाली, "मागचं परत वाच."

परत वाचलं.

तिने पेन टेबलावर ठेवलं आणि आत गेली. चार दिवस माझं ताट वाढून ठेवायची आणि उठून जायची. पाचव्या दिवशी सकाळी आली, चष्मा लावून अर्जावर सही केली आणि म्हणाली, "कंपनीला कळवलंस. त्याला कोण कळवणार?"

म्हणून हे.

माफ कर असं लिहायला पेन उचललं होतं, पण तो शब्द फार छोटा दिसतो कागदावर.

ताई


२९ मार्च

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र दहा तारखेला आलं. चार पानं. पहिली तीन मी कोणाला दाखवली नाहीत, दाखवणारही नाही. तू लिहिलंयस ते सगळं मला मिळायलाच हवं होतं, फार उशिरा मिळालं एवढंच. चौथ्या पानावर तुझी एकच मागणी होती. "मला तुझी माफी नको. समोर जा आणि काकूंना सांग."

दहा तारखेला पत्र आलं आणि मी गेले चोवीसला. हेही लिहून ठेवते. मधले दिवस मी कंपनीच्या कामात लपून राहिले. अट घातली होती, हँडब्रेकचा दात बदलल्याशिवाय विमा सुरू नाही. तो भाग कुठे मिळेना. शेवटी सर्व्हेअरबाईंनीच एका लेथवाल्याचा पत्ता दिला, त्याने नवा करून बसवला. किंमत ठरली. किती ते आईला सांगितलं तर ती गाडीकडे बघून म्हणाली, "बघ, मेली माझ्यापेक्षा महाग निघाली." मी कारकुनाला विचारलं, पान सातमुळे काही बिघडलं का? तो म्हणाला, "ताई, बिघडतं ते न सांगितल्यावर. लोक आमच्याकडे येतात, अकरा पानं बघतात आणि फोनवालीकडे जातात. तुम्ही का नाही गेलात?" मी म्हटलं, "तिथे कोणी विचारतच नाही हो."

चोवीसला मात्र आईच म्हणाली, "आता काही राहिलंय का कंपनीचं?" काहीच राहिलं नव्हतं. गेले.

काकू खिडकीपाशी शिवत बसल्या होत्या. मी उभ्याउभ्याच सांगितलं, बसले असते तर दुसरंच काही बोलले असते. पिशवी, मूठ, पत्र, सगळं. त्यांनी सुई कापडात टोचून ठेवली. एवढंच.

मग म्हणाल्या, "त्याने ओढला होता, हे यांना माहीत होतं."

मी म्हटलं, "कसं?"

"माहीत म्हणजे, यांनी विश्वास ठेवला होता. हे म्हणायचे, तो पोरगा मला उचलून रिक्षात घालताना सारखं एकच बोलत होता, काका मी ओढला होता. माझा पाय लोंबतोय आणि हा ब्रेकचं बोलतोय! खोटं बोलणारा माणूस त्या वेळी पायाचं बोलला असता."

मी विचारलं, "मग काकांनी बाबांना का नाही सांगितलं?"

"सांगितलं. दोनदा. तुझे बाबा म्हणाले, तुम्ही भले आहात म्हणून असं म्हणताय." काकूंनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "तू सांगितलं असतंस तर यांना दोनदा सांगावं लागलं नसतं."

रडू आलं, पण काकूंसमोर रडायचा हक्क मला नव्हता, म्हणून आवरलं. त्यांनी मला जवळ घेतलं नाही, "जाऊ दे" म्हणाल्या नाहीत. बरं वाटलं, का ते सांगता येत नाही. मी निघाले तेव्हा म्हणाल्या, "थांब." आणि कपाटातून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला.

तुझी पत्रं होती त्यात. काकांना लिहिलेली, ते गेल्यावर काकूंना. दर वर्षी एक, कधी दोन, वेगवेगळ्या बंदरांवरची तिकिटं. पायाची चौकशी, काठी कोणत्या लाकडाची घ्यावी, गुडघ्याचा व्यायाम चित्र काढून. समोरच्या घरात, रस्ता ओलांडला की वीस पावलांवर, तेवीस वर्षं तुझी पत्रं येत होती! आणि मी आत्येभावाला पत्ता मागत फिरत होते. "त्याने सांगितलं होतं, घरी बोलू नका," काकू म्हणाल्या. "आम्ही शब्द दिला होता. पण तो यांनी दिला होता. मी काही दिला नव्हता, असं आता ठरवतेय."

आणि त्यांनी डब्याच्या तळातून एक फोटो काढून माझ्या हातात ठेवला.

नऊ-दहा वर्षांची असेल. दोन वेण्या, पुढचा एक दात अर्धाच आलेला, हाताला काळं ग्रीस, आणि मागे उघडं बॉनेट. फोटो काढणाऱ्यावर वैतागलेली दिसते, कामात व्यत्यय आणला म्हणून. मी तो फोटो खिडकीच्या उजेडात नेला. भुवया आपल्या आईच्या आहेत. थेट तशाच, मध्ये जुळलेल्या.

"कोण?" मी विचारलं. कळलं होतं तरी.

काकू म्हणाल्या, "कोण म्हणजे? तू आत्या आहेस तिची."

फोटो त्यांनी न्यायला दिला. आईपुढे ठेवला. तिने आधी चष्म्याने बघितला, मग चष्मा काढून, मग परत लावून. बाबा गेले तेव्हा तू फोन केलास, चार मिनिटं बोललास, त्यात लग्न केलंस का एवढंही तिने विचारलं नव्हतं. त्याबद्दल आता स्वतःलाच शिव्या घालतेय. पाच दिवस झाले, तो फोटो तिच्या उशाशी आहे. काकू परत न्यायला आल्या होत्या. आईने त्यांना चहा दिला, खायला दिलं, गुडघ्याचं सांगितलं, फोटो दिला नाही. काकू जाताना मला म्हणाल्या, "राहू दे. मी दुसरा मागवते."

तिसऱ्या कंपनीची पॉलिसी येत्या एक तारखेपासून सुरू होतेय.

मुलीचं नाव काकूंना माहीत आहे. सांगायलाही निघाल्या होत्या. मी त्यांना थांबवलं, आईनेही हात वर केला. तिला काय हाक मारता? कशाचं इंजिन उघडलं होतं तिने? ते तिलाच जोडता आलं की तुला बोलावलं? शाळेत जाते तेव्हा वेण्या कोण घालतं? आई पलीकडून ओरडतेय, दात पूर्ण आला का तेही विचार.

नाव तू सांग. आम्ही दोघी थांबलोय.

तुझी
ताई